देसाचे हिवाळी पाहुणे

देसा लेतुनिच आमच्या पायऱ्यांच्या गल्लीत राहायची, वरून तिसरं घर, हिरव्या खिडक्यांचं. तिच्या तोंडाला लागायला गल्लीत कुणी धजत नसे. उन्हाळ्यात बंदरात बोट लागली की खोल्या भाड्याने देणाऱ्या बायका धक्क्यावर पाट्या घेऊन उभ्या राहायच्या. देसाकडे पाटी नव्हती. "गळ्यात पाटी अडकवून भीक मागतात," असं ती बाकीच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. ती सरळ पुढे जाऊन एखाद्या पाहुण्याची बॅग उचलायची आणि चालू लागायची. माणूस आपल्या बॅगेच्या मागे येणारच.

मी त्याच गल्लीच्या तळाशी न्हावी होतो. त्याआधी नऊ वर्षं श्टुटगार्टच्या एका हॉटेलात भांडी घासली होती, त्यामुळे जर्मन बोलता-लिहिता येत होतं. गल्लीतल्या सगळ्या बायकांची परदेशी पाहुण्यांची पत्रं मीच वाचून दाखवायचो, उत्तरंही मीच लिहायचो. कोणाचा पाहुणा कधी येणार, कोणी गादीबद्दल तक्रार केली, सगळं आधी मला कळायचं.

चौऱ्याहत्तर सालच्या ऑगस्टात देसाने पावेचे पाहुणे पळवले. पावे म्हणजे तिच्या समोरच्या घरातली विधवा. हॉलंडचं एक कुटुंब पत्र पाठवून, दिवस ठरवून पावेकडे येत होतं. धक्क्यावर पावे पाटी घेऊन पुढे झाली, तेवढ्यात देसा मध्ये शिरली. तिने रुमाल तोंडाशी धरला, खोकून दाखवलं, छातीवर हात ठेवला, मग बोट पावेकडे केलं आणि डोळे मिटून मान टाकली. पावेचा नवरा नऊ वर्षांपूर्वी क्षयाने गेला होता, हे खरंच. पण ती गादी पावेने त्याच आठवड्यात जाळली होती. हे त्या हॉलंडच्या बाईला कोण सांगणार? तिने पोरांना जवळ ओढलं. देसाने बॅग उचलली. पावे पाटी छातीशी धरून बोट परत सुटेपर्यंत तिथेच उभी होती.

ऑक्टोबर संपला की आमचं शहर रिकामं होतं. दुब्रोव्निकला आम्ही नुसतं शहर म्हणतो. दुकानांवर फळ्या ठोकतात, दक्षिणेचा ओला वारा सुरू होतो आणि तो वाहतो तोवर कुणाचं कुणाशी पटत नाही. उन्हाळाभर परक्यांसमोर हसून हसून थकलेली माणसं आता एकमेकांकडे बघतात. काम नसतं. माझ्या दुकानात सकाळपासून दाढी न करणारी गिऱ्हाइकं बसलेली असायची. त्यात बंदरावरचा हमाल मिहो ठरलेला.

नोव्हेंबरात देसा दुकानात आली, कामाशिवाय, नुसती मिरवायला.

"तुमच्याकडे हिवाळ्यात झुरळंसुद्धा येत नाहीत," ती म्हणाली. "माझे डॉक्टर वीझर येणार आहेत नाताळला. शहर रिकामं कसं दिसतं ते बघायचंय म्हणाले."

"पत्र आलं का शोरा देसा?" मी विचारलं. शोरा म्हणजे बाईसाहेब. तिला नुसतं नावाने हाक मारायची कुणाची छाती नव्हती.

"पत्र येईल. जुलैत ते स्वतः बोललेत. माणूस ऑस्ट्रियातल्या ग्राझचा आहे, तुमच्यासारखा वाऱ्यावरचा नाही."

ती गेल्यावर तासाभरात पावे आली. दार लावून घेतलं. "बाल्दो, तू तिच्या डॉक्टरचं पत्र लिहिशील?"

मिहो आधी हसला, मग मी हसलो. लोक पुढे मला विचारायचे, का रे लिहिलंस? माझा देसावर काही राग नव्हता. हिवाळा लांब होता, दुसरं काय सांगू.

पावेकडे ऑस्ट्रियाहून आलेलं एक जुनं कार्ड होतं. तिने कोमट पाण्यात भिजवून त्यावरचं तिकीट सोडवलं आणि नव्या पाकिटावर चिकटवलं. तिकिटावर टपालाचा अर्धाच शिक्का होता. उरलेला अर्धा मिहोने बुटाचं काळं पॉलिश लावून पाकिटावर पुरा केला. पत्र मी लिहिलं. पाकीट मिहोने देसाच्या दारातल्या फटीतून सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पत्र घेऊन दुकानात हजर. न्हाव्याच्या खुर्चीत बसली, हातमोजे काढले, मांडीवर ठेवले. "वाच. सावकाश वाच."

माझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. "प्रिय देसाबाई, तुमचं शहर आम्ही उन्हात, गर्दीत पाहिलं. आता ते पावसात, माणसांशिवाय पाहायचं आहे. बावीस डिसेंबरच्या बोटीने येतो. नाताळ तुमच्या घरी तुमच्यासारखाच करू." ती आरशात स्वतःकडे बघत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "तुमच्यासारखाच करू, हे परत वाच." मी परत वाचलं.

मग तिने उत्तर सांगितलं. समुद्राकडची खोली, नव्या चादरी, नाताळभर पुरेल एवढं लाकूड. शेवटी तिने बाहेर कोणी नाही ना ते बघितलं आणि आवाज खाली केला. "लिही, डॉक्टरसाहेब, माझ्याकडे हिवाळ्यात आजवर कुणी आलेलं नाही. बहिणीखेरीज माझ्याशी घरात कुणी बोलत नाही. तुम्ही येताय याचा मला फार आनंद आहे." मी लिहिलं. पत्र मीच टाकतो म्हणालो.

संध्याकाळी ते मी मिहोला आणि पावेला वाचून दाखवलं, देसाच्या आवाजात, हातमोजे मांडीवर ठेवल्याची नक्कल करून. मिहो हसून हसून खुर्चीवरून घसरला. पावेने पुन्हा वाचायला लावलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तर ती थट्टाच राहिली असती. पण दुसऱ्या पत्राची कल्पना निघाली. निघाली म्हणजे पावेने काढली. "डॉक्टरच्या म्हाताऱ्या आईला बरोबर आणू या. तिला घरातला जिना रोज चढवत नाही. तिला स्वयंपाकघराशेजारची ऊबदार खोली लागेल."

त्या खोलीत देसाची थोरली बहीण लूत्से राहायची. बहात्तर वर्षांची, कंबर मोडलेली, एका कानाने बहिरी. कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. खिडकीशी बसून संत्र्याच्या साली साखरेत शिजवायची, वाळवायची, डब्यात भरायची आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी एक डबा पाठवायची. पावेच्या घरीही.

"देसा तिला नाही काढणार," मी म्हणालो.

"बघू या," पावे म्हणाली. मिहोने वाइनची एक बाटली पैजेवर लावली. काढणार म्हणून.

दुसरं पत्र ऐकताना देसा आरशात बघत नव्हती. "किती वय त्यांच्या आईचं?"

"बहात्तर," माझ्या तोंडून निघून गेलं.

"लूत्सेएवढ्या." तिने मांडीवरचे हातमोजे सरळ केले. "हो म्हणून लिही."

"आणि लूत्से?"

"दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. वरच्या रस्त्यावर म्हाताऱ्यांचा आश्रम आहे, तिथे ठेवतात. तिथे पाठवते."

"नाताळच्या दिवसांत, शोरा देसा?"

"तुझी बहीण आहे का?" ती म्हणाली. "पत्र लिही."

आमच्या गल्लीत गाडी येत नाही, नुसत्या पायऱ्या. वीस तारखेला देसाने खाली निरोप पाठवला. लूत्सेला तिच्याच स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून खाली न्यायचं काम मिहो आणि मी केलं. मी पुढे, तो मागे. तिच्या मांडीवर डबा होता. अर्ध्या वाटेत दम खायला थांबलो तेव्हा ती मला म्हणाली, "बाल्दो, मी तिला म्हटलं, मी स्वयंपाकघरात झोपते, कोपऱ्यात. पाहुण्यांना दिसणारसुद्धा नाही. नको म्हणाली."

मी खुर्चीचे पाय पुन्हा हातात धरले.

"खुर्ची तिथे ठेवू नका रे. परत वर आणायला लागेल ना मला."

खाली गाडीत बसवताना तिने डबा माझ्या हातात दिला. "डॉक्टरांना दे म्हणावं देसाला. संत्री आपल्याच झाडाची आहेत." गाडी गेली. मिहो म्हणाला, "बाटली काढ." मी काढली. आम्ही प्यायलो, पावेपण प्यायली.

बावीस तारखेला देसा चांगला कोट घालून बंदरावर गेली. बॅगा उचलायला तिने मिहोलाच ढकलगाडी घेऊन बोलावलं होतं. पत्राची गोष्ट एव्हाना देसा सोडून सगळ्यांना कळली होती, बाकी गल्ली खिडक्यांत उभी. ती रिकाम्या हाताने येताना बघायचं, एवढंच आमचं ठरलं होतं. तोंडाळ बाईचं तोंड एकदा बंद झालेलं बघायचं होतं.

बोटीतून सात माणसं उतरली, त्यातले चार रजेवर आलेले सैनिक. मिहोने नंतर सांगितलं, देसाने दोर सुटेपर्यंत वाट पाहिली. खलाशाला विचारलं, कुणी आजारी माणूस आत राहिलाय का. खलाशी नाही म्हणाला. तिने आणखी एकदा विचारलं. मग मिहोला म्हणाली, "तू जा. ते आधीच गाडीने पुढे गेले असतील."

ती मागच्या वाटेने घरी आली, कुणाला दिसली नाही. तासाभराने तिच्या समुद्राकडच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या. धुराड्यातून धूर आला. आणि तिचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "बिट्टे, हेर डोक्टोर! बिट्टे, बिट्टे!" या, डॉक्टरसाहेब, या. पाहुण्यांपुरते तेवढे चार जर्मन शब्द तिला येत होते.

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. पहिल्यांदा पावे हसली. इतकी हसली की तिला खिडकी धरावी लागली.

आता खरी गंमत सुरू झाली, असं आम्हाला वाटलं. तिच्या घरात कुणी नाही हे आम्हाला ठाऊक होतं, पण ते बोलायचं तर पत्राचं बिंग फुटलं असतं. म्हणून आम्ही तिच्यासारखंच वागायला लागलो. दुसऱ्या दिवशी तिच्या दोरीवर दोन पुरुषी सदरे वाळत होते. तिच्या मेलेल्या नवऱ्याचे होते, कॉलरवरून मला ओळखू आले. किती वर्षं मीच त्याची मान भादरली होती.

"कसे आहेत पाहुणे?" पावेने नळावर विचारलं.

"थकलेत. आईंना बोट लागली."

"जेवतात का आपलं?"

"सुका मासा आवडला. दोनदा मागून घेतला."

पावेने मनुका घातलेले तळलेले गोळे केले, नाताळला आमच्याकडे करतात ते, आणि ताटलीवर रुमाल टाकून समोर नेऊन दिले. "डॉक्टरसाहेबांना. माझ्या हातचे." संध्याकाळी देसाने ताटली परत आणून दिली. निम्मे गोळे तसेच होते. "छान आहेत म्हणाले, पण तेल फार पितात." पावेचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्या दिवशी मला वाटलं, देसा जिंकली.

चोवीस तारखेला दिवसभर आमच्याकडे पुरुष घरोघर जाऊन दारात नाताळची गाणी म्हणतात. घरातलं माणूस वाइन आणि सुकी अंजिरं घेऊन बाहेर येतं. घरधन्याचं नाव गाण्यात गुंफायचं, त्याला आशीर्वाद द्यायचा, अशी पद्धत आहे. दुपारी तीन वाजता आम्ही आठ जण देसाच्या दारात उभे राहिलो. मिहोने सूर लावला, कडवं मी जुळवलं होतं.

आलो तुमच्या दारी आम्ही, जळो चुलीत ओंडका,
लांबून आले डॉक्टर त्यांना दारात एकदा बोलवा,
आईची धरून काठी म्हणावं उंबऱ्यात येऊन थांबा,
तोंड न दाखवी पाहुणा त्याच्या तोंडाला काय झालं हो?

देसा तबक घेऊन बाहेर आली. दार पाठीने लावलं, पण ते नीट लागलं नाही. "हळू गा. त्यांच्या आई झोपल्यात."

आम्ही आणखी मोठ्याने गायलो. पुन्हा पहिल्यापासून. ती तबक धरून उभी होती. पेले एकमेकांवर किणकिणत होते. दाराच्या फटीतून मला टेबल दिसलं. तीन ताटं मांडलेली होती, तिन्हींत वाढलेलं. बाहेर गल्लीत खिडक्याखिडक्यांतून हशा. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती, पण तेव्हा तिला काही कळलं असावं असं मला वाटत नाही. मदतीला कुणी आहे का, असं बघावं तसं ती बघत होती. मी अंजीर उचललं आणि पुढचं कडवं म्हटलं.

सत्तावीस तारखेला दुकानातला फोन वाजला. गल्लीत तेवढा एकच फोन. आश्रमातली परिचारिका बोलत होती. लूत्सेला ताप आहे. दोन दिवस काही खाल्लेलं नाही, नुसती खिडकीकडे तोंड करून पडते आणि घरी न्या म्हणते. घरी नेलं तर खाईल, असं डॉक्टरांना वाटतं.

मी वर गेलो. देसाने दार जेमतेम हातभर उघडलं. मी निरोप सांगितला. तिने मागे वळून त्या रिकाम्या घरात बघितलं. मग मोठ्याने, जशी काही आत कुणी ऐकत होतं, म्हणाली, "खोलीत डॉक्टरांच्या आई आहेत. ते तीन तारखेला जाणार. मग आणते."

समोर पावेची खिडकी उघडी होती.

"ताप आहे तिला, शोरा देसा. निदान बघून या."

"पाहुण्यांना टाकून कशी जाऊ?"

मला नुसतं म्हणायचं होतं, देसा, कुणी आलेलं नाही, पत्र मी लिहिलं. एका दमात होणारी गोष्ट. तिने शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती, आणि संध्याकाळी आम्ही लूत्सेला खुर्चीत बसवून वर आणलं असतं. मी म्हणालो, "बरं." खाली येऊन फोन केला आणि तीन तारीख सांगितली.

एकतीस तारखेला सकाळी लूत्से गेली. फोन पुन्हा मीच उचलला.

दोन तारखेला दफन झालं. कुणीतरी दूरची नातेवाईक बाई भोळेपणाने देसाला म्हणाली, "तुमच्याकडे म्हणे पाहुणे होते?" देसा म्हणाली, "काल गेले. सुतकाच्या घरात कसे राहणार? फार हळहळले." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. पावेनेही हलवली. त्यानंतर पावे माझ्या दुकानात कधी आली नाही.

जानेवारीच्या शेवटी देसा एक पाकीट घेऊन आली. मी तिकीट बघितलं, शिक्का बघितला. दोन्ही खरे होते. ग्राझहून डॉक्टर वीझरांचं खरोखरचं पत्र. मला न सांगता तिने नवीन वर्षाचं एक कार्ड स्वतःच पोस्टात टाकलं होतं, नुसती सही करून.

खऱ्या पत्रात चार ओळी होत्या. कार्डाबद्दल आभार. नाताळ घरीच झाला, बर्फ खूप होतं. आई तीन वर्षांपूर्वी वारल्यापासून सण फिका जातो. जुलैत जमलं तर येऊ.

मी घाबरलो. आणि घाबरून मला दया सुचली. त्याला दया म्हणायचं की नाही, देव जाणे. मी वाचायला लागलो. "प्रिय देसाबाई, नाताळात तुम्ही आमचं फार केलंत. आईला खोली फार आवडली. तुमच्या बहिणीचं ऐकून वाईट वाटलं." तिचं खोटं मी सांभाळून घेतोय, तिला बरं वाटेल, अशी माझी समजूत.

ती खुर्चीत हलली नाही. "परत वाच."

मी परत वाचलं.

"आणखी एकदा."

मी तिसऱ्यांदा वाचलं.

"पहिल्यांदा आईला खोली आवडली होती," देसा म्हणाली. "आता सूप आवडलं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय करून बसलो ते. डॉक्टर तिच्या घरी आलेच नव्हते, हे तिच्याइतकं पक्कं कुणाला माहीत होतं? न राहिलेला माणूस राहिल्याबद्दल आभार मानतो, ते फक्त वाचणाऱ्याच्या तोंडून. आणि हे पत्र माझ्या तोंडचं, तर आधीची कुणाच्या हातची, हे कळायला तिला जर्मन यायची गरज नव्हती.

मला वाटलं आता ती ओरडेल. वस्तरा समोरच होता, मी तो हळूच बाजूला सरकवला. पण ओरडणार कशी? ओरडायचं तर गल्लीसमोर कबूल करावं लागलं असतं की घरात कुणी नव्हतं. खोली रिकामी होती आणि बहीण तापाने फणफणत आश्रमात पडली होती.

तिने हातमोजे काढले, मांडीवर ठेवले. "उत्तर लिही."

मी कागद घेतला.

"लिही, पुढच्या नाताळला पुन्हा या. आता दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत."

त्या वर्षापासून ती बंदरावर गेली नाही, उन्हाळ्यात कुणाला खोली दिली नाही. डॉक्टर जुलैत खरंच आले. तिने दार उघडलं नाही, तेव्हा समोर पावेकडे उतरले आणि तीन आठवडे राहिले. पण दर ऑक्टोबरला देसा दुकानात यायची, गिऱ्हाइकं असली तरी खुर्ची रिकामी करायला लावायची आणि पत्र सांगायची. मी लिहायचो. डिसेंबरात पुन्हा यायची, रिकाम्या हाताने. "डॉक्टरांचं उत्तर आलं?" आलं, म्हणावं लागायचं. मग समोर कोरा कागद धरून ते मी तिला वाचून दाखवायचो. यंदा का येत नाहीत, तब्येत कशी आहे, लूत्सेची आठवण काढतात का. ही शेवटची गोष्ट ती न चुकता विचारायची. एखादं वाक्य गेल्या वर्षीचं आलं तर ती थांबवायची आणि दुसरं मागायची. गिऱ्हाइकं खाली मान घालून बसायची.

सहा वर्षं हे चाललं. सहाव्या डिसेंबरात तिला आधीच अर्धांगाचा एक झटका येऊन गेला होता, तोंड वाकडं झालं होतं, पायऱ्या उतरायला तिला पाऊण तास लागला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी कागद खाली ठेवला आणि म्हणालो, "देसा, ती पत्रं मी लिहिली. पावे होती, मिहो होता, पण लिहिली मी."

तिने हातमोजा काढायचा प्रयत्न केला. एका हाताने जमेना. मी पुढे झालो, तिने हात मागे घेतला.

"ते मला नको सांगूस," ती म्हणाली. "डॉक्टर काय म्हणतात ते वाच."

मी कागद उचलला.